तुसाचं तेल

नागोरावांना वास येत नाही, ही गोष्ट सबंध बोईसरमध्ये एकाच माणसाला ठाऊक होती. त्यांच्या बायकोला, जयवंतीला.

तिलाही ती कळली ती योगायोगानेच. तीन-चार वर्षांपूर्वी एकदा ती बाजारातून भाजी घेऊन घरी आली, तर खोलीत गॅसचा वास कोंडलेला आणि नागोराव ओट्याला टेकून निवांत पाणी पीत उभे. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं. जयवंतीने पिशवी तिथेच टाकली, खिडकी सताड उघडली आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अवो, नाक हाय का नाही तुमाला?" ती ओरडली.

नागोराव गोंधळून शेगडीकडे बघत होते. त्यांचा चेहरा बघितला आणि तिचं तिलाच उत्तर मिळालं.

वास नेमका कधी गेला, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. लग्न झाल्या झाल्या ते नांदेडकडून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आले होते. तेव्हापासून रंगांचे, औषधांचे, आम्लांचे कितीतरी कारखाने त्यांनी पाहिले. सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचा वास घरापर्यंत यायचा. कपड्यांत, केसांत, डब्याच्या झाकणात. मग हळूहळू सगळे वास सारखेच वाटायला लागले. नंतर साथीच्या वर्षी ताप आला, आणि ताप गेला तेव्हा काहीच उरलं नव्हतं. जयवंतीने त्यांना बोईसरबाहेरच्या एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी टॉर्च लावून नाक तपासलं. "वाफांनी गेला असेल, नाहीतर तापाने. परत येईलच असं सांगता येत नाही," एवढंच ते म्हणाले.

"कुणाला बोलू नको," नागोरावांनी त्या दिवशी जयवंतीला सांगितलं. "ऑपरेटरला नाक नसलं तर त्याला कोण ठेवून घेईल?"

जयवंती बोलली नाही. पण त्या दिवसापासून झोपायच्या आधी ती शेगडीपाशी जाऊन वाकायची, मोठा श्वास घ्यायची, आणि मगच दिवा मालवायची.

पुढे एका नव्या कारखान्यात जागा निघाली. मालकांना सगळे हितेश शेठ म्हणत. वडिलांचा रंगाचा जुना कारखाना मोडून त्यांनी त्या जागेवर भाताच्या तुसापासून तेल काढायचा उद्योग उभा केला होता. वाडा, विक्रमगड, मनोर भागातल्या भातगिरण्यांबाहेर हंगामात तुसाचे ढीग लागतात. थोडं वीटभट्ट्यांना जातं, बाकीचं तिथेच धुमसत पडतं. ते तूस आता ट्रक भरभरून बोईसरला यायला लागलं. मोठ्या पोलादी हंड्यात, थोडं आम्ल घालून, दाबाखालच्या वाफेत ते शिजायचं. त्यातून निघालेली वाफ थंड केली की वर पाणी राहायचं आणि तळाशी फिकट पिवळं तेल बसायचं. त्याचं खरं नाव फरफ्युरल, पण कामगार नुसतं 'तेल' म्हणत. लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू घट्ट धरणारं रसायन त्यापासून बनतं, वंगणाचं तेल शुद्ध करायलाही ते लागतं. तेल निघाल्यावर हंड्यात उरलेलं काळं तूस बॉयलरमध्ये जळायला जायचं आणि त्याच्याच वाफेवर पुढचं तूस शिजायचं.

हे सगळं बघायला दीपिका तामोरे होती. किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मांगेल्यांची मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. समुद्रात सोडलेल्या घाण पाण्यामुळे गावात कारखान्यांच्या नावाने बोटं मोडली जायची. ती नोकरीला लागली तेव्हा बंदरावरच्या बायका तिला म्हणाल्या होत्या, "तू पन त्यांच्यातच गेलीस का गं?" "आमी तिथं तूस शिजवताव," ती हसून सांगायची, "जे लोक जाळून टाकत होते ना, तेच." हा कारखाना चांगला चालावा, म्हणजे गावात मान वर करून सांगता येईल, असं तिच्या मनात होतं.

नागोरावांना तिनेच निवडलं. मुलाखतीला बाकीचे जण खुर्चीवर बसून अनुभव सांगत होते. नागोराव मात्र प्लांट बघायला म्हणून गेले आणि एका पाइपापाशी थांबले. "मॅडम, इथं वाफ आतल्या आत गळतीया. आवाज बगा," ते म्हणाले. तिने कान लावला. खरंच बारीक शीळ ऐकू येत होती. तिने त्यांना शिफ्टचे मुख्य ऑपरेटर केलं.

त्या कारखान्यात नाकाला फार काम होतं. तेल नीट निघत असलं की गोडसर वास दरवळायचा. आच जास्त झाली की करपट, उग्र वास यायचा. गळतीही आधी नाकालाच कळायची. हवेत तेलाची वाफ आहे का हे सांगणारं एक यंत्र मिळतं. ते घ्या असं दीपिका शेठना पहिल्यापासून सांगत होती. शेठ म्हणायचे, "पुढच्या महिन्यात घेऊ." तोवर तिने नियम घालून दिला होता. दर फेरीला ऑपरेटरने वास घ्यायचा, आणि ही वाफ ठिणगीने पेटते म्हणून कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी ऑपरेटरला विचारायचं.

"काका, वास कसा येतोय?" ती रोज विचारायची.

"बदामासारखा, मॅडम."

हा शब्द तिचाच होता. पहिल्या दिवशी तिने नव्या लोकांना सांगितलं होतं की याचा वास कडू बदामासारखा असतो. नागोरावांनी तो तेवढा पाठ करून ठेवला. बाकी काम ते डोळ्यांनी आणि कानांनी करायचे. तेलाचा रंग गडद झाला की समजायचं आच चढली. उष्णता दाखवणारा काटा, पाण्याची धार, पाइपांचा आवाज, सगळ्यांवर त्यांचं बारीक लक्ष असायचं. दीपिका विचारायला यायच्या आधीच ते या सगळ्यावरून एक नजर फिरवायचे आणि उत्तर तयार ठेवायचे. बहुतेक वेळा ते बरोबर यायचं.

एकदा तुसाच्या गोण्या वाहणारी साखरबाई जवळच उभी होती. विक्रमगडकडच्या पाड्यावरची वारली बाई. पावसाळ्यात घरची शेती, भात झोडून झालं की बोईसरला काम. 'बदामासारखा' ऐकून ती हसली.

"बदाम मना काय ठाव, दादा? आमी मोहाची फुलं भाजताव ना, तसाच वास हाय ह्यो."

"असंल, असंल," नागोराव घाईने म्हणाले आणि काट्याकडे वळले. त्यांना मोह भाजल्याचा वास कसा असतो ते माहीत नव्हतं, आणि आता कळणारही नव्हतं.

हे असं वर्षभर चाललं. पुढचा हंगाम आला, नवं तूस यायला लागलं, आवारात ट्रक रांगेने उभे राहिले. हंडे थंड व्हायला सवड नव्हती. त्याच धांदलीत एका दुपारी ते घडलं.

वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरखाली एक ठेंगणी खोली होती. तिथे नळाला बाटली लावून तेलाचा नमुना घ्यायचा. खोलीला पश्चिमेला खिडकी आणि पूर्वेला दार. खिडकीबाहेर भिंतीला लोखंडी शिडी होती. तिची एक पायरी निखळली होती आणि ठेकेदाराने कैलास नावाच्या वेल्डरला ती जोडायला पाठवलं होतं. पोरगेलासाच होता, घरी लहान मुलगी. नियमाप्रमाणे त्याने खिडकीतून डोकावून विचारलं.

"काका, चालू करू का? वास-बीस काही नाही ना?"

नागोराव आतच होते. काटा जागेवर होता, पाण्याची धार नेहमीसारखी होती. डोळे जरा चुरचुरत होते, पण हंगामात तुसाच्या धुळीने सगळ्यांचेच चुरचुरायचे.

"कर की. काही नाही," ते म्हणाले.

वरच्या पाइपाच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं होतं. गरम वाफ छतापासून हळूहळू खाली उतरत होती. कैलास बाहेर होता आणि समुद्राकडचा वारा त्याच्या पाठीवरून खिडकीकडे वाहत होता. त्याला कसलाच वास येत नव्हता. त्याने केबल ओढून घेतली, चष्मा लावला.

पलीकडून, दाराच्या बाजूने, साखरबाई रिकाम्या गोण्या घेऊन चालली होती. वाऱ्याने तो वास तिच्या तोंडावर आपटला तशी ती जागीच थांबली. दारातून तिला नागोराव दिसले. भिंतीला हात टेकून, मान खाली घालून, पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते. आणि त्यांच्या मागे, खिडकीत, हातात वेल्डिंगची कांडी धरलेला कैलास.

"एऽऽ! थांब! पेटवू नको!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "आग लागंल! थांब!"

कैलासने दचकून हात मागे घेतला. साखरबाईने गोण्या टाकल्या, पदर नाकावर दाबून ती आत घुसली आणि नागोरावांचा सदरा मुठीत धरून त्यांना खेचत उघड्यावर आणलं. तोवर दीपिका धावत आली होती. तिने वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला लावला, विजेचं बटण पाडलं, सगळ्यांना आवाराबाहेर काढलं. नागोराव तुसाच्या ढिगापाशी बसून ओकत होते. कैलास त्यांच्याकडे बघत उभा होता.

नागोरावांना दवाखान्यात नेलं, पाण्याने डोळे धुतले, संध्याकाळी घरी सोडलं. जयवंतीने सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "त्या वेल्डरनं विचारलं हुतं का तुमाला?"

नागोरावांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग काय सांगितलं तुमी?"

नागोरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती उठली आणि भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं तरी नागोराव कारखान्यात गेले. प्लांट बंद होता. बॉयलरसमोर शेठ, दीपिका, ठेकेदाराचा माणूस आणि बरेचसे कामगार जमले होते. मध्ये कैलास. त्याची हत्यारांची पिशवी पायाशी होती.

"विचारलं होतं मी," कैलास सांगत होता. त्याचा आवाज चिरकला होता. "काकांना विचारूनच केबल ओढली."

"आणि नागोरावांसारखा माणूस हो म्हणाला?" ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "एवढा जुना ऑपरेटर? आत वाफ भरलेली असताना? काहीतरीच बोलू नको. न विचारता चालू करत होतास, आता अंगावर आलं तर त्यांचं नाव घेतोस. चल, उचल पिशवी."

नागोरावांचा अनुभव, त्यांचं काम सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे कैलासवर विश्वास ठेवणं कुणालाच जमत नव्हतं. दीपिकाचं तिकडे लक्षच नव्हतं. रात्रभर तिच्या डोक्यात एकच होतं, गॅस्केट वेळेवर बदललं नाही, चूक आपलीच.

नागोराव गर्दीच्या मागे उभे होते. त्यांना कुणी अजून पाहिलं नव्हतं. नुसतं वळून घरी गेलं असतं तरी चाललं असतं. ते पुढे आले.

"त्यानं विचारलं हुतं, शेठ," ते म्हणाले. "मीच कर म्हणालो."

शेठनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय बोलताय? तुम्हाला वास आला नाही?"

"नाही आला."

"सगळं आवार वासाने भरलं होतं. साखरबाईला लांबून आला. तुम्ही तर आत होता."

"मला वास येतच नाही, शेठ. कशाचाच. तीन-चार वर्षं झाली."

कैलास त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने पिशवी उचलून खांद्याला लावली, पण गेला नाही. तिथेच उभा राहिला.

दीपिका मात्र सगळ्यांसमोरच बोलली. "काका, मी रोज विचारत होते तुम्हाला."

"हो, मॅडम."

"तुम्ही रोज सांगत होतात. बदामासारखा."

"तुम्हीच सांगितलं हुतं तसा असतो म्हणून," नागोराव म्हणाले, आणि हे आपण बोललो याची त्यांना लगेच लाज वाटली. "चुकलो मी. पोराचा जीव गेला असता."

दीपिका ऑफिसात निघून गेली. शेठ म्हणाले, "तुम्ही आता घरी जा. बघू पुढे." कैलासला त्यांनी थांबायला सांगितलं.

घरी येऊन नागोरावांनी जयवंतीला सगळं सांगितलं. ती रागावेल, आता कसं होणार म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली, पण वेगळ्याच गोष्टीवर.

"हे आधीच सांगायचं हुतं," ती म्हणाली. "मला वझं झालं हुतं त्याचं. घरात मी दोघांच्या वाटचं नाक वापरते, ते चालतंय. पण तिथं तुमच्या वाटचं नाक कोण वापरणार? तुमी कामावर गेलाव की माजा जीव टांगणीला. कुटं काय फुटलं म्हणलं की आधी तुमचंच नाव येतंय मनात." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आता गेली नोकरी तर गेली. झोप तरी येईल."

त्या रात्री तिला खरंच गाढ झोप लागली. नागोराव मात्र जागे होते.

इकडे दीपिकाचा राग दोन दिवसांत निवला नाही, पण त्याची दिशा बदलली. घरी जेवताना, स्कूटरवरून येता-जाता ती तेच उलटसुलट करत होती. काकांनी फसवलं हे खरं. पण जिथे यंत्र लावायला हवं होतं तिथे आपण माणसाचं नाक लावलं. आणि ते नाक चालतं का, हे कधी तपासलं नाही. चष्मा लागलाय का ते विचारलं, रक्तदाब तपासला, नाकाचं कुणाच्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतल्या लहान बाटल्या काढल्या. त्यांना कागद गुंडाळला, म्हणजे आतलं दिसू नये. एकीत लवंगेचं तेल, एकीत व्हिनेगर, एकीत रॉकेलचा थेंब, एकीत कॉफी, आणि एकीत पाण्यात मिसळलेलं थोडं तुसाचं तेल. सगळ्या कामगारांना तिने बोलावलं.

"हसू नका," ती म्हणाली, "आणि अंदाजाने सांगू नका. येत नसेल तर येत नाही म्हणा. त्यासाठी कुणाला काढणार नाही, हा माझा शब्द."

साखरबाई पहिली आली. तिने भराभर सगळ्या बाटल्या ओळखल्या. रॉकेलला नाक मुरडलं. कैलासनेही ओळखल्या. मग बॉयलरवरचा एक जुना माणूस आला. त्याने लवंगेची बाटली बराच वेळ नाकाशी धरली आणि खाली ठेवली. "नाही येत, मॅडम," तो हळूच म्हणाला. त्याच्या पाठोपाठ पॅकिंगवरचा एक जण. मग रात्रपाळीचा ऑपरेटर. त्याला रॉकेल तेवढं पुसट आलं, बाकी काही नाही. तिघेही वसाहतीत बरीच वर्षं काढलेले. तिघेही एकमेकांकडे बघत नव्हते.

काय चाललंय म्हणून हितेश शेठ ऑफिसातून बाहेर आले. "अरे, मलाही द्या की," ते हसत म्हणाले. "लहानपणापासून याच आवारात खेळलोय मी. वडील म्हणायचे, याला रंगाचा वास कळतो, धंदा सांभाळणार."

दीपिकाने त्यांना पहिली बाटली दिली. शेठनी हुंगली. पुन्हा हुंगली.

"रॉकेल?" ते म्हणाले.

ती लवंग होती. कुणी हसलं नाही. दीपिकाने दुसरी बाटली पुढे केली. शेठनी ती घेतली, नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तशीच धरून उभे राहिले.

"सर्दी झालीय मला," ते अखेर म्हणाले, आणि बाटली तिच्या हातात परत देऊन आत गेले.

त्या दुपारी त्यांनी दीपिकाला बोलावलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. "ते यंत्र मागवलंय," ते म्हणाले. "ते येईपर्यंत हंडे चालू करायचे नाहीत."

"ट्रक उभे आहेत, शेठ. तूस भिजलं तर—"

"झाकून ठेवा." मग थोडं थांबून म्हणाले, "घरी बायको म्हणते, तुम्हाला जेवणात गोडी राहिली नाही. मला वाटायचं, तिचाच हात बदललाय."

यंत्र आलं, कंडेन्सरच्या खोलीत बसलं. गॅस्केट सगळी बदलली. त्यानंतर दीपिका बोईसरच्या चाळीत नागोरावांच्या घरी गेली. जयवंतीने चहा ठेवला. दीपिका सरळ मुद्द्यावर आली.

"काका, माझा राग अजून गेलेला नाही. ते आधी सांगते."

"बरोबर हाय, मॅडम."

"पण तुमचे कान आम्हाला हवेत. वाफेचं काम बघा, हंडे आणि बॉयलर. तेलाच्या बाजूला जायचं नाही, वेल्डिंगला परवानगी द्यायची नाही. मुख्य ऑपरेटर दुसरा कुणीतरी असेल. पगार तोच राहील. चालेल का?"

नागोराव उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मुख्य ऑपरेटरचं पद गेल्याचं त्यांना लागलं होतं, हे जयवंतीला दिसत होतं.

"कैलास काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"तो काही म्हणत नाही."

कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी ते कैलासकडे गेले. तो तूस वाहून नेणाऱ्या पट्ट्याची चौकट सांधत होता. नागोराव लांब उभे राहिले, तो चष्मा काढेपर्यंत.

"मला माफ कर म्हणायला आलोय," ते म्हणाले.

कैलासने घाम पुसला. "काका, माझी पोरगी नुकती चालायला लागलीय," तो म्हणाला. "त्या दिवशी घरी गेलो तर ती दारात उभी होती. मला तिला उचलून घेता येईना, हात असे कापत होते." तो थांबला. "तुम्ही सगळ्यांसमोर खरं बोललात, म्हणून माझी रोजी वाचली, ते कळतं मला. पण लगेच काही जमणार नाही. थोडे दिवस जाऊ द्या."

"जाऊ दे," नागोराव म्हणाले. "तुला वाटंल तवा बोल. नाही वाटलं तरी चालंल."

थोड्या दिवसांनी तो बोलायला लागला. आधी कामापुरतं, मग चहाला. पूर्वीसारखा मोकळेपणा मात्र त्यांच्यात आला नाही. नागोरावांनीही तो मागितला नाही.

बाटल्यांची गोष्ट मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर गेली. जेवणाच्या सुट्टीत, रिक्षा स्टँडवर, पानाच्या टपरीवर ती पोचली. दीपिकाने एक संच नागोरावांकडे दिला होता, कारण कारखान्यात बाहेरच्या लोकांना येता येत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी एखाद-दुसरा माणूस चाळीत यायला लागला. कुणी मोठ्याने बोलायचं नाही. 'सहज आलो होतो' असं म्हणायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि निघताना विचारायचे. बाटल्या कशा धरायच्या, मध्ये थोडं थांबून परत कसं हुंगायचं, ते जयवंती दाखवायची. ती शेजारी बसून दर वेळी आधी स्वतः हुंगून बघायची, बाटलीतला वास उडून गेलेला नाही ना म्हणून. ज्यांना येत नसे त्यांना नागोराव आपल्या डॉक्टरांचा पत्ता सांगायचे, आणि एवढंच म्हणायचे, "घरी सांग. कामावर सांग. लपवू नको."

काही जण सांगायचे. काही जण मान हलवून निघून जायचे आणि पुन्हा दिसायचे नाहीत.

एका रविवारी सकाळी एक उंच, वाकलेला माणूस दारात आला. उत्तरेकडचा होता, नागोरावांनी आणि त्याने पूर्वी एकाच रंगाच्या कारखान्यात बरीच वर्षं बरोबर काढली होती. चप्पल काढू की नको, अशा विचारात तो उभा होता.

"भैया, वो बोतलवाला टेस्ट," तो म्हणाला, "सुना है आपके यहाँ होता है।"

"ये, बैठ," नागोराव म्हणाले. त्यांनी स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि जयवंतीला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली, फडताळातून बाटल्या काढून तिने टेबलावर मांडल्या. त्या माणसाने पहिली बाटली उचलली, डोळे मिटले. खोलीत पंखा फिरत होता. वाऱ्याने वास उडू नये म्हणून जयवंतीने तो बंद केला, आणि तिघेही वाट बघत बसले.